कौलारू छपराची पाहणी आतून सुरू करावी

वादळानंतर फुटलेली कौले बदलली की छप्पर दुरुस्त झाले, असे अनेकदा म्हटले जाते. त्याला थोडी पुस्ती जोडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणात असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. पण जे उडाले ते निदान दिसते, सरकलेले कौल मात्र पहिल्या मोठ्या सरीपर्यंत गप्प असते.

म्हणून ओल्या, शेवाळलेल्या कौलांवर चढण्याआधी भर दिवसा दिवे मालवून आतून वर पाहावे. जिथे उजेडाची तिरीप दिसते तिथे फट आहे. भिंतीवरचा डाग मात्र फसवा असतो, कारण पाणी वाशावरून, म्हणजे छपराच्या उतरत्या लाकडावरून, वाहत जाऊन गळतीच्या जागेपासून बरेच दूर उतरते. वाऱ्याची वर ओढणारी ताकद आढ्याजवळ (छपराच्या सर्वांत उंच रेषेजवळ) आणि कडेला अधिक असल्यामुळे कोने, शेवटच्या ओळी आणि त्यांखालच्या रिपा (कौले ज्यांवर टेकतात त्या लाकडी पट्ट्या) आधी तपासाव्यात. पत्रा जागेवर असला, तरी तो धरून ठेवणाऱ्या हुकाभोवतीचे भोक लांबट झाले असेल तर पुढच्या वादळात तो तिथूनच सुटतो.

ओल वायरिंगपर्यंत पोहोचली असेल तर मेन स्विच आधी बंद करावा. ताडपत्री आढ्यापलीकडे नेऊन वाशांना बांधावी. वर दगड ठेवणे धोक्याचे आहे. आणि हो, तलाठ्याकडून नुकसानीचा पंचनामा होण्यापूर्वी आवराआवर करावीच लागली, तर तारखेसह फोटो काढून ठेवावेत.