अर्धी गोळी, पूर्ण कोर्स आणि ‘सवय लागते का?’ : अनुभव धागा

आपल्या मराठवाड्यात ‘मला चिंतेचा आजार आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत धडधडतं’, ‘हातपाय गळतात’, ‘बीपी लो झाला’ असंच म्हणतात. मग आधी मेडिकल, नंतर सलाईन, नंतर देवऋषी, आणि सगळ्यात शेवटी मानसोपचाराची ओपीडी. या कामात रोज असणाऱ्यांना इथं लिहायला बोलावलंय. स्वतःची कहाणी नको. काय करायचं, किती, कधी आणि कुठं चुकतं, एवढं लिहा.

औषध दुकानदार, परभणी

गिऱ्हाईक खिशातून कात्रीनं कापलेला, गोळ्यांच्या पाकिटाचा पत्र्याचा तुकडा काढतं. दोन घरं रिकामी, नाव तुटलेलं, ‘झोलाम 0.5’ एवढंच उरलेलं. ‘हीच द्या, शेजारच्या अण्णांना लई गुण आला.’ ही अल्प्राझोलाम. अर्ध्या-एक तासात शांत वाटतं, आणि फसगत तिथंच होते. काही तासांनी असर उतरतो, तशी धडधड परत येते. माणसाला वाटतं आजार वाढला, म्हणून आणखी अर्धी. अशी रोज घेतली तर काही आठवड्यांतच शरीर ती मागायला लागतं.

हे औषध शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे सरकारच्या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देता येत नाही. रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि नग वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्यावर रागावू नका.

आधीच रोज चालू असेल तर एकदम तोडू नका, हे हात जोडून सांगतो. झोप उडते, हात थरथरतात, कधी फिट येते. डॉक्टर साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा 5 ते 10 टक्क्यांनी उतरवतात. ब्लेडनं चतकोर करू गेलं तर भुगा होतो आणि रोजची मात्रा वेगळी पडते, म्हणून 0.25 ची गोळी लिहून मागा. तिच्यावर दारू तर कधीच नको. दोन्ही मिळून झोपेतच श्वास मंद करतात.

धडधडीसाठी दुसरी मागितली जाते ती प्रोप्रॅनोलॉल. दम्याच्या माणसाची श्वासनळी तिनं आवळते. घरात कुणाला दमा असेल तर ही गोळी एकमेकांना देऊच नका.

समुपदेशक, अंबाजोगाई

पॅनिकचा झटका, म्हणजे अचानक उसळलेली जबर भीती, बहुतेक वेळा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरायला लागतो. माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत तो उताराला लागलेला असतो. तिथं सलाईन लावलं जातं, बरं वाटतं, आणि श्रेय बाटलीला जातं. पुढच्या झटक्याला घरचे थेट बाटलीच मागतात.

भीतीनं श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, बोटं आखडतात, चक्कर येते. त्यावर घरचे ‘जोरात श्वास घे’ म्हणतात, आणि त्यानं ते वाढतं. करायचं उलट. खुर्चीवर टेकून बसवा, हात पोटावर. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. छाती फुगवायची नाही, पोट हललं पाहिजे. पाच ते दहा मिनिटं. तोंडाला पिशवी लावू नका. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं निघालं तर ती घातक ठरते.

हा श्वास झटक्यातच पहिल्यांदा करून पाहिला तर जमत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ, बरं असताना, दहा मिनिटं केला तरच अडचणीत कामाला येतो. लोक नेमके बरं वाटलं की तो सोडतात.

छातीत दाबल्यासारखं होऊन कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, चालताना दुखणं वाढत असेल, वय चाळिशीपुढं असेल किंवा साखर, बीपी असेल, तर आधी ईसीजी. ‘टेन्शनचंच असेल’ हा निकाल घरात लावायचा नाही.

वसतिगृह रेक्टर, लातूर

नीट परीक्षेच्या लेकरांत हे दुखणं बहुतेक वेळा रात्रीच्या चहापासून सुरू होतं. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला पाच-सहा तास लागतात. नऊचा कडक चहा पहाटे दोनलाही जागाच असतो. दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद. पण दिवसाला सहा कप पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर काही दिवस डोकं ठणकतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करावा.

पलंगावर पुस्तक नको. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून दुसरीकडं बसायचं, डोळे जडावले की परत. उठायची वेळ रविवारीही तीच. मॉकचा, म्हणजे सराव परीक्षेचा, निकाल रात्री बघायचा नाही. काळजीला सायंकाळी पंधरा मिनिटं ठरवून द्यायची. वहीत दोन रकाने करा : ‘उद्या करता येईल’ आणि ‘माझ्या हातात नाही’. दुसऱ्या रकान्यातलं रात्री डोक्यात आलं तर ‘वहीत आहे’ एवढंच म्हणायचं. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतकं. उन्हाळ्यात आपल्याकडं सकाळी सातच्या आतच उरकावं लागतं.

दोन आठवडे हे नेमानं करूनही लेकरू जेवत नसेल, वर्ग चुकवत असेल, तर ‘अजून थोडा योग कर’ म्हणणं म्हणजे उपचार लांबवणं.

आरोग्य सेविका, जालना

बायांमध्ये धडधड म्हटलं की आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी. दोन्हींतल्या बिघाडानं चिंतेसारखीच लक्षणं येतात. तंबाखू किंवा मिश्री किती वेळा लावता, हेही विचारा. निकोटिन उतरलं की जीव घाबरा होतो, पुन्हा लावलं की बरं वाटतं, म्हणून तेच औषध वाटतं.

फवारणीचं औषध घरात असेल आणि माणूस ‘आता काही अर्थ नाही’ म्हणत असेल, तर ते त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्यानं विचार पेरला जात नाही. माणसाला एकटं सोडू नका. 14416, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, मराठीतून बोलतात.

देवऋष्याकडं जाऊ नका म्हणून घरात भांडण पेटवू नका. अंगारा लावा, पण गोळीही चालू ठेवा, एवढं कबूल करून घेतलं तरी पुरे.

मनोविकार विभागातील परिचारिका, नांदेड

परभणीच्या दादांच्या मुद्द्याला जोडून. सवय लावणारी गोळी लोक शेजाऱ्याकडून मागून घेतात, आणि जिची तशी चटक लागत नाही ती चिठ्ठीवर असूनही ‘सवय लागेल’ म्हणून नालीत टाकतात. चिंतेवर रोज घ्यायची एसिटालोप्रामसारखी औषधं दोन ते चार आठवड्यांनी काम दाखवायला लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी उलट बेचैनीच वाढते. हे आधी सांगितलं नाही तर चौथ्या दिवशी गोळी बंद होते. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा 5 मिलिग्रॅमपासून सुरू करून 10 वर नेतात. जेवणानंतर घ्या. पंचविशीच्या आतल्यांवर सुरुवातीचे आठवडे नीट लक्ष ठेवा. मरणाचे विचार आले तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळी चालते. सोबत समुपदेशन असेल तर गोळी सुटल्यावर हाताशी काहीतरी उरतं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन निघालात की फडावर पंधरा दिवसांत गोळ्या संपतात. अचानक थांबल्यावर दोन-चार दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. तो आजार उलटला नाही, गोळी तुटली. निघण्याआधी डॉक्टरांना ‘सहा महिने बाहेर आहे’ सांगून जास्तीत जास्त दिवसांची चिठ्ठी घ्या. तिचा फोटो स्वतःच्या आणि जोडीदाराच्या मोबाईलमध्ये ठेवा. पाच गोळ्या उरल्या की, शेवटच्या दिवशी नव्हे, जवळच्या सरकारी दवाखान्यात तो फोटो आणि रिकामं पाकीट दाखवा. पाकीट कापायचं नाही. नाव आणि ताकद पत्र्याच्या मागंच छापलेली असते.