मदत हवी आहे : सोलापुरात सायबर कायद्याची कार्यशाळा

नमस्कार मंडळी. मी एका धोरण अभ्यास संस्थेत तंत्रज्ञान आणि सायबर धोरणाच्या प्रशिक्षणांचं काम बघते. आजवर सगळे वर्ग पुण्या-मुंबईत आणि इंग्रजीत झाले. आता आपल्या सोलापुरात पतसंस्थांचे कर्मचारी आणि टॉवेल-चादरीचे कारखानदार यांच्यासाठी दोन दिवस घ्यायचे आहेत.

परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात गेले होते. मुनीमजींच्या टेबलावर कामगारांच्या आधारच्या झेरॉक्सचा सुतळीने बांधलेला गठ्ठा, आणि त्याच कागदांचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात २५० कोटींपर्यंत दंड आहे म्हटल्यावर ते गप्पच झाले. नुसती भीती घालून उपयोग नाही, हे तिथंच कळलं. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं, पैसे गेले तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावायचा, हे हाताला सवयीचं व्हायला हवं.

मराठी आणि तेलुगू दोन्हींत समजावू शकेल असे वकील किंवा प्राध्यापक कुणाच्या ओळखीत आहेत का? आणि कारखानदारांना सुट्टीचा दिवस बरा, की संध्याकाळचे दोन-दोन तास? गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळणारच आहे. कृपया अनुभव सांगा.