थर्माकोलची इमारत विरघळली? कारण रंगात आहे

भाऊ, टेबलावरच्या सैनिकी खेळासाठी केलेल्या तुमच्या थर्माकोलच्या अवकाश-चौकीची भिंत रंगाचा स्प्रे मारताच चाळणी झाली म्हणता, त्यात थर्माकोलचा दोष नाही. स्प्रेच्या डब्यातलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रावण) पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचं प्लास्टिक, खातं. आधी फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी आणि काळा अ‍ॅक्रिलिक कालवून ब्रशने दोन हात द्या. कोपरे आणि कापलेल्या कडा सोडू नका, सॉल्व्हंट तिथूनच आत शिरतं.

आणि हो, नागपुरात मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे नकोच. रंग हवेतच वाळतो आणि भिंतीवर बसतो तो रव्यासारखा खरखरीत. पहाटे सहाला उरका.

थर्माकोल सोडून थ्रीडी प्रिंट करा, असा सल्ला वर कोणीतरी दिलाय. चांगला आहे, पण पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. माझा अख्खा रडार मनोरा उन्हात उभ्या गाडीत राहिला, संध्याकाळी बघतो तर मान टाकलेली! तेव्हापासून मी ३ मिमी एमडीएफवाला (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी).

नक्षीसाठी दूर जाऊ नका, आपल्या नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचे कूलिंग टॉवर (मधे बारीक कंबरेचे मोठे मनोरे) बघा. चहाचे दोन कागदी कप बुडाला बूड चिकटवा, वरचा अर्ध्यावर कापा, कंबर आपोआप येते. खाली स्ट्रॉचे पाइप, बाजूला संपलेल्या गोळ्यांची पाकिटं. रंगवल्यावर कप कोणी ओळखत नाही. (बायकोने ओळखला, ते सोडा.)

दार मात्र खेळातल्या शिपायाचा ३२ मिमीचा बेस (पायाखालची गोल चकती) आत जाईल एवढं ठेवा आणि छत चिकटवू नका, नाहीतर आत शिरलेला शिपाई हलवणार कसा?