असीरगड: आप्पासाहेब भोसल्यांचं शेवटचं पान बघायला जायचंय, काही उरलंय का तिथे?

महालवाला:
नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. वडिलांना इतिहासाचं वेड. सीताबर्डीचा किल्ला 26 जानेवारीला उघडतो तेव्हा दरवर्षी आमची वारी असतेच. आता त्यांनी बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडचा धोशा लावला आहे. 1819 साली तो गड इंग्रजांना शरण गेला आणि मराठ्यांचं शेवटचं युद्ध तिथेच संपलं, असं ते सांगतात. शरणागती नेमकी कुठल्या वाड्यात झाली? येत्या डिसेंबरात जाऊन राहिलो आहोत. गुडघे त्यांचे कुरकुरतात, चढणं जमेल का?

तेलंखेडीकर:
राजेहो, बाबांना माझा नमस्कार सांगा. मी जाऊन आलोय.

आधी वाड्याचं. टेबल, खुर्च्या, सह्या असा प्रकार तिथे झालाच नाही. गड शिंद्यांचा, किल्लेदार यशवंतराव लाड. जनरल डव्हटन आणि सर जॉन माल्कम यांनी मार्चमध्ये वेढा घातला. आधी पायथ्याची पेठ गेली, मग खालचा कोट, आणि 9 एप्रिलला अख्खा गड. शिबंदीत अरब, मकरानी बरेच. तेव्हा 'इथेच झालं' असं दाखवायला एक खोली नाही, सगळा गडच ती जागा आहे.

गंमत म्हणजे ज्यांच्यासाठी हे रामायण घडलं ते नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब गडावर आसऱ्याला आले होते खरे, पण गड पडला तेव्हा आत नव्हतेच, केव्हाचे सटकले होते. मे 1818 मध्येही इंग्रज कैद करून अलाहाबादेला नेत असताना शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटून महादेवाच्या डोंगरात गोंडांकडे गेले होते. माणूस पकडून ठेवणं कठीण! शेवटी जोधपूरला आसरा मिळाला, 1840 साली तिथेच वारले. असीरगडला येताना त्यांच्यासोबत असलेल्या चितू पेंढाऱ्याला मात्र गडावर घेतलं नाही. तो बिचारा सातपुड्याच्या जंगलात वाघाच्या तोंडी गेला.

आता काय उरलंय? तट दणकट आहे. तीन टप्प्यांचा गड: मलयगड, कमरगड आणि सगळ्यात वर असीरगड. वर फारुकी सुलतानांच्या काळातली दोन मिनारांची मशीद, टाकी, महादेवाचं देऊळ. तिथे कोणालाही विचारा, अश्वत्थामा पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहतो ही गोष्ट कौतुकाने सांगतील. 1819 काढलं की समोरचा 'कौन सा सन?' म्हणून बघत राहतो. इंग्रजांची थडगी पण आहेत, रायमुनियाच्या झुडपात. एकाचा गिलावा निघून विटा उघड्या पडल्यात, नावाची पाटी गायब, तिच्या जागी एका प्रेमवीराने खिळ्याने बदाम कोरलाय. मला राग आला, पण मग वाटलं, ज्यांनी गड घेतला त्यांचीही ही गत, तर आपल्या किल्लेदाराला कोण विचारतो?

गुडघ्यांचं म्हणाल तर गाडी बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. सावकाश चढवा. पाणी घरूनच न्या.

वऱ्हाडी_पाहुणा:
जायचं कसं ते मी सांगतो. अमरावती, परतवाडा, सेमाडोह, धारणी, बुऱ्हाणपूर. तिथून खंडव्याच्या रस्त्याने साधारण 20 किलोमीटर. गाडी चालवायची नसेल तर रेल्वेने भुसावळ, तिथून बुऱ्हाणपूर. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे वळलात तर गाविलगड पण होतो. तो भोसल्यांचाच, 15 डिसेंबर 1803 ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला, शरण नाही आला.

तेलंखेडीकर:
बरोबर बोलले भाऊ. आणि त्याच साली ऑक्टोबरात असीरगड पहिल्यांदा इंग्रजांना शरण गेला होता, पुढे तहात शिंद्यांना परत मिळाला. म्हणजे बाबांना सांगा, या गडाची शरणागती एक नव्हे! त्याआधी 1601 मध्ये अकबरापुढेही झाली होती. परतीत बुऱ्हाणपूरची जामा मशीद बघा. आत संस्कृत शिलालेख आहे, बाबा खूश होतील. आणि मावा जिलेबी खाल्ल्याशिवाय निघू नका.

महालवाला:
धन्यवाद तेलंखेडीकर काका, पाहुणे भाऊ. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बेनीसिंगाचं ऐकून गाविलगड पण यादीत आला, म्हणजे माझी रजा एक दिवस वाढली. चितूचं ऐकून आई म्हणते, मेळघाटातून जायचं तर उजेडीच निघा, नाही तर मी घरीच बरी.