माजी नेत्याची टीव्हीवर मुलाखत झाली की लोकांचं मत खरंच बदलतं का?

काडेपेटी:
मंडळी, ब्रिटिश टीव्ही निवेदक डेव्हिड फ्रॉस्टने १९७७ साली अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या घेतलेल्या मुलाखती तुकड्यातुकड्याने बघून संपवल्या आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. व्हिडिओखालच्या कॉमेंटी वाचल्या तर निम्मे म्हणतायत की फ्रॉस्टने त्याला गुडघे टेकायला लावले, निम्मे म्हणतायत बिचाऱ्या म्हाताऱ्याला अजून किती छळणार. माणूस तोच, वाक्य तेच, आणि बघणारे असे दोन टोकाला. तर माजी नेता असा कॅमेऱ्यासमोर येऊन बसला की लोकांचं मत खरंच हलतं का, की ज्याचं जे आधीपासून आहे तेच अजून पक्कं होतं? तेव्हाच्या लोकांना काय वाटलं होतं त्याचे आकडेबिकडे आहेत का कुठे? आणि हे लोक मुळात बसतातच कशाला तिथे, गपचूप घरी आठवणी लिहीत बसावं की. (आपल्याकडच्या पक्षांची धुळवड इथे नको, आधीच हात जोडून सांगतो.)

खडूफळा:
आकडे आहेत, आणि मजेशीर आहेत. वॉटरगेटवाला (विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि तिच्यावर पांघरूण घालणं, ज्यात निक्सनची खुर्ची गेली) भाग सगळ्यात आधी दाखवला, ४ मे १९७७ ला, साधारण साडेचार कोटी लोकांनी बघितला. त्यानंतर गॅलप या जनमत चाचणीवाल्या संस्थेने लोकांना विचारलं तर ७२ टक्के म्हणाले की न्यायात अडथळा आणल्याबद्दल हा दोषीच आहे, ६९ टक्क्यांना वाटलं की गडी अजूनही लपवाछपवीच करतोय, आणि ७५ टक्के म्हणाले की याला सार्वजनिक जीवनात आता पुन्हा जागा नको. म्हणजे त्याने "मी माझ्या मित्रांना आणि देशाला तोंडघशी पाडलं" असं पडलेल्या चेहऱ्याने सांगूनसुद्धा निकाल काही बदलला नाही.

पण म्हणून काहीच झालं नाही असंही नाही. मागचा संदर्भ बघा, ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा, आणि महिन्याभरात, ८ सप्टेंबरला, त्याच्या जागी आलेल्या राष्ट्राध्यक्ष फोर्डने सरसकट माफी देऊन टाकली. म्हणजे खटला नाही, उलटतपासणी नाही, काही नाही. लोकांच्या मनात ते तसंच अडकून पडलेलं होतं. ही मुलाखत म्हणजे जो खटला कधी उभाच राहिला नाही त्याची जवळात जवळची गोष्ट होती, म्हणून एवढे लोक टीव्हीला चिकटले. त्यांना मत बनवायचं नव्हतंच, ते केव्हाच बनलं होतं, त्यांना ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. माझ्या मते अशा मुलाखतीचं काम एवढंच. बघताना दया येते, येऊ दे की, पण दया वेगळी आणि निवाडा वेगळा, आणि लोकांना ते बरोब्बर कळतं. आपण उगाच पब्लिकला भोळं समजतो.

पारावरचा:
कशाला बसतात विचारलंत ना, पैशासाठी!! निक्सनला ६ लाख डॉलर आणि वर नफ्यातला २० टक्के वाटा ठरला होता, १९७७ चे ६ लाख बरं का. मोठ्या नेटवर्कनी पैसे मोजून बातमी नको म्हणून हात वर केले तेव्हा फ्रॉस्टने स्वतः पैसा उभा केला, जाहिरातदार शोधले आणि एकेक स्टेशन पकडून कार्यक्रम विकला. म्हणजे पश्चात्ताप दाखवायचे पण पैसे. तेव्हा लोकांची अर्धी चिडचिड याचीच होती, की चोर तो चोर वर मानधन.

खडूफळा:
@पारावरचा पैशाचं खरंय, वकिलांची बिलं डोक्यावर होती त्याच्या. पण नुसते पैसे नाहीत हो, त्याला वाटत होतं की हा टॉक शोवाला फ्रॉस्ट आपल्यापुढे काय टिकणार, परराष्ट्र धोरणावर तासन्‌तास बोलू, चीनचा दौरा सांगू, आणि प्रतिमा धुऊन घेऊ. फ्रॉस्टच्या रिसर्चवाल्यांनी व्हाइट हाउसमधल्या त्याच्या संभाषणांच्या टेपांचे उतारे उकरून आणले असतील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. शिवाय प्रश्न आधी दाखवायचे नाहीत आणि एडिटिंगवर निक्सनचा हक्क नाही असं ठरलेलं होतं. असं आज कोण कबूल करतं सांगा बरं?

तिरपी नजर:
थोडी असहमत. मत बदलत नाही वगैरे ठीक आहे, पण मुलाखतीतून एखादं वाक्य असं सुटतं की पुढची पन्नास वर्षं तेच त्या माणसाची ओळख होऊन बसतं. निक्सनचं "राष्ट्राध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदेशीर नसतं" हे वाक्य घ्या. पुष्कळांना वाटतं ते वॉटरगेटच्या कबुलीतलं आहे, पण ते आंदोलकांवर पाळत ठेवायच्या योजनेबद्दल बोलताना आलंय, वेगळ्याच भागात. कोणाला पडलंय त्याचं, वाक्य लक्षात राहिलं आणि प्रश्न गळून पडला.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान टोनी ब्लेअरचंही असंच. डिसेंबर २००९ मध्ये बीबीसीवर फर्न ब्रिटन या निवेदिकेसमोर बसला, कार्यक्रम धर्म आणि श्रद्धा असल्या मवाळ विषयाचा, अगदी घरगुती गप्पा चालल्यासारखं वातावरण, आणि त्यात सहज म्हणून गेला की इराकमध्ये ती महासंहारक शस्त्रं नाहीत हे माहीत असतं तरी सद्दामला हटवणं मला योग्यच वाटलं असतं. झालं, लोक खवळले, कारण सैनिक पाठवताना कारण शस्त्रांचंच दिलं होतं ना! पुढच्याच महिन्यात, २९ जानेवारी २०१० ला, इराक युद्धाच्या चिलकॉट चौकशीसमोर त्याला त्याच वाक्यावर सारवासारव करावी लागली, तिथे म्हणाला की मुलाखतींचा एवढा अनुभव असून मला अजून शिकण्यासारखं आहे. कडक प्रश्न विचारणाऱ्यांसमोर हे नेते तयारीने येतात, गोड बोलणाऱ्यासमोर सैल सुटतात. माझ्या मते खरी धार तिथेच.

ढोलकं:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या. राजकारणात माजी असं कोणी नसतंच, फक्त खुर्ची माजी होते.

काडेपेटी:
@तिरपी नजर ब्लेअरचं माहीत नव्हतं, भारी. पण मग समर्थकांचं काय? त्यांचं तरी मत हलतं का कधी? विरोधक चिडणारच, त्यात नवल नाही.

अर्धाकप:
हलतं, पण मुलाखतीमुळे नाही, काळ बदलला म्हणून. बिल क्लिंटन जून २०१८ मध्ये एनबीसीच्या टुडे शोवर आला होता, लिहिलेल्या थ्रिलरचं प्रमोशन करायला, आणि क्रेग मेल्विनने विचारलं की मोनिका लुइन्स्कीची (व्हाइट हाउसमधली इंटर्न, जिच्याशी त्याचं प्रकरण १९९८ मध्ये गाजलं) वैयक्तिक माफी मागितलीत का. बाबा एकदम फणफणला, जाहीर माफी मागितली होती, मी तेव्हा केलं ते बरोबरच होतं, तुम्ही लोक तथ्यं सोडून बोलता वगैरे. आता हाच सूर १९९८ मध्ये त्याच्या बाजूच्या लोकांना चालून गेला असता, पण २०१८ ला मी टू होऊन गेलं होतं, एकेकाळी त्याची पाठराखण करणाऱ्यांनाच ते ऐकवेना. नंतर विनोदी टॉक शोवाल्या कोल्बेअरच्या शोमध्ये जाऊन तो वेळ आपला काही चांगला गेला नाही असं कबूल करून आला. पब्लिकची चिड तो काय म्हणाला यापेक्षा वीस वर्षांत एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तरही तयार केलं नाही याची जास्त होती, निदान माझी तरी.

आणि याच क्लिंटनची २००६ ची फॉक्सवरची क्लिप बघा, क्रिस वॉलेसने बिन लादेनला का नाही पकडलं विचारल्यावर बोट दाखवून दाखवून झापलंय. ती क्लिप दोन्ही बाजूंनी फिरवली!! एक म्हणतायत बघा कसा उखडला, दोषी आहे म्हणूनच, दुसरे म्हणतायत शेवटी कोणीतरी सुनावलं. पूर्ण मुलाखत बघितलेला एक माणूस दाखवा.

खडूफळा:
क्लिपवरून आठवलं, फ्रॉस्टने जवळपास २९ तास रेकॉर्ड केलं होतं आणि मे महिन्यात दाखवले दीड दीड तासाचे चार भाग. म्हणजे त्या ७२ टक्के लोकांनीही कापलेलंच बघितलं होतं. फरक एवढाच की तेव्हा कापणारा एक होता आणि सगळ्यांनी तेच कापलेलं बघितलं, आता जो तो आपल्या सोयीने कापतो, त्यामुळे लोकांची प्रतिक्रिया म्हणून जे आपण मोजतो ती नक्की कशावरची प्रतिक्रिया आहे हेच सांगता येत नाही.

पारावरचा:
बरं मग त्या ७५ टक्क्यांचं पुढे काय झालं, निक्सनला जागा नको म्हणणाऱ्यांचं?

खडूफळा:
पुस्तकं लिहीत राहिला, परदेश दौरे केले, परराष्ट्र धोरणावर सल्ले देत राहिला. १९९४ ला गेला तेव्हा अंत्यविधीला पाच आजी-माजी राष्ट्राध्यक्ष हजर होते आणि क्लिंटनच भाषणात म्हणाला की या माणसाला आता संपूर्ण आयुष्य बघूनच जोखा. पण सतरा वर्षं लागली त्याला, मुलाखतीने काय ते झालं नाही.

तिरपी नजर:
आणि तरी आज नाव काढलं की पहिलं ते बेकायदेशीरवालंच वाक्य. @काडेपेटी चारही भागांची लिंक असेल तर इथे डकवा, कॉमेंटी न वाचता बघते.