पुढच्या काचेवर रात्री धुरकट दिसतं, काय करू?

काच बाहेरून रोज पुसतो तरी रात्री समोरून गाडी आली की लाईट पसरतो आणि काही सेकंद काहीच नीट दिसत नाही. दिवसा मात्र काच एकदम स्वच्छ वाटते. काय वापरावं?

प्रतिसाद १
आतून कधी पुसली का? डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातून वाफ निघते आणि तिचा तेलकट थर काचेवर आतून बसतो, तोच रात्री चमकतो. बोट फिरवून बघा, रेघ उमटेल. आयसोप्रोपिल अल्कोहोल (जंतुनाशक म्हणून वापरतात ते स्पिरिट) आणि पाणी निम्मं-निम्मं, मायक्रोफायबरच्या (बारीक धाग्यांच्या मऊ) कपड्यावर मारायचं (थेट काचेवर नको, डॅशबोर्डवर उडतं), पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कपड्याने परत. गाडी सावलीत हवी, तापलेल्या काचेवर डाग वाळून बसतात. आणि आतून उभे हात, बाहेरून आडवे, म्हणजे पुसल्याची रेघ राहिली तर कुठल्या बाजूची ते लगेच कळतं.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. फक्त काचेला फिल्म (ऊन अडवायला चिकटवतात तो पातळ थर) असेल तर अमोनियावालं क्लीनर अजिबात नको, फिल्म खराब होते.

प्रतिसाद ३
बाहेरून रोज पुसता म्हणजे कोरड्या कपड्याने का?? तसं असेल तर आधी ते थांबवा प्लीज, धुळीतले बारीक कण काचेवर घासले जातात आणि चरे पडले की ते जात नाहीत. आधी भरपूर पाणी, मग कपडा. वायपरचं रबरही ओल्या फडक्याने पुसा, बघा किती काळं निघतं ते.

प्रश्नकर्ता
बोट फिरवलं, खरंच रेघ आली! उद्याच आतून पुसतो.