एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटमध्ये) अमोनिया कमीच होत नाही, काय करू?

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीचा एमबीबीआर (टाकीत तरंगत्या प्लास्टिकच्या चकत्यांवर बॅक्टेरिया वाढवणारा) एसटीपी आहे. बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) मस्त कमी येतो, पाणी पण दिसायला स्वच्छ, पण अमोनिया लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या खाली उतरत नाही आणि हेच पाणी फ्लशला वापरलं की वास मारतो. ऑपरेटर म्हणतो मोठा ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं मशीन) घ्या. घ्यावा का?

उत्तर: थांबा हो, आधी पीएच बघा. 1 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतोच, पण 7 ग्रॅमच्या वर अल्कलिनिटी (पाण्यातले आम्ल मारणारे क्षार) पण खाल्ली जाते, ती संपली की पीएच घसरतो आणि हे काम करणारे बॅक्टेरिया ढेपाळतात, मग हवा कितीही मारा. आम्ही अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा टाकला, तीनेक आठवड्यांत फरक पडला.

दुसरं उत्तर: टाकीतल्या त्या प्लास्टिकच्या चकत्या हातात घेऊन बघा. आत पातळ तपकिरी बुळबुळीत थर पाहिजे. जाड काळा चिखल असेल तर बीओडी खाणाऱ्यांनीच जागा बळकावलीय, नायट्रिफायर (अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया) बिचारे हळू वाढतात.

प्रश्नकर्ता: पीएच 6.2 निघाला! मीटर म्हणे कधीपासून बंदच होता 😡 पण मग नायट्रेट पाण्यातच राहणार ना?

उत्तर: राहणार. ते घालवायचं तर हवेच्या टाकीच्या आधी एक बिनहवेची टाकी लागते, नायट्रेटवालं पाणी तिकडे परत फिरवायचं, तिथले बॅक्टेरिया मैल्यातला कार्बन खाताना नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. वर जवळपास अर्धी अल्कलिनिटी परत मिळते, म्हणजे सोडा पण वाचला. ब्लोअरचे पैसे तिकडे लावा.